पाच वायरींची मोटर

दाराचं पॅड काढलं की आधी काच खाली करायची. काच वर असताना दाराच्या पोटात जी ऐसपैस जागा दिसते ती मोटरसाठी नसते, खाली येणाऱ्या काचेसाठी असते. हे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या चाचांनी मला १९८६ साली सांगितलं. मला ते कळलं १९९१ साली. एका शेठजींच्या कोऱ्या मारुतीच्या पुढच्या डाव्या दारात मी लॉकची मोटर बसवली, चार वेळा चालवून दाखवली. खट् खट् ऐकून शेठजी खूश, मीही खूश. संध्याकाळी चौपाटीवर शेठाणींनी भेळवाल्याला हाक मारायला काच खाली घेतली. माझ्या एका स्क्रूचं टोक पाव इंच जास्त आत आलं होतं. साबुदाण्याएवढे काचेचे तुकडे थेट मांडीवर. दुखापत झाली नाही, पण नव्या काचेचे पैसे माझ्या पगारातून तीन हप्त्यांत गेले आणि त्या तीन महिन्यांत चाचा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मी गाड्यांचा वायरमन. पाटीवर ऑटो-इलेक्ट्रिशियन लिहितात, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. संगमेश्वर तालुक्यातून दहावी करून मुंबईत आलो आणि मामाच्या ओळखीने ऑपेरा हाऊसच्या एका दुकानाला चिकटलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक चार्जिंगला लावलेली बॅटरी, भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि फुटपाथला खेटून उभ्या गाड्या. चाचा खेडकडचे, कोकणी मुसलमान. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, मराठी अक्षर मात्र तलाठ्यासारखं. त्यांची एक सवय होती. त्या वेळच्या गाड्यांच्या दाराचं पॅड म्हणजे हार्डबोर्ड आणि वर रेक्झिन. पॅड परत लावायच्या आधी चाचा हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचे: तारीख, कुठल्या रंगाची वायर कुठे गेली आणि फ्यूज कुठे लपवलाय. "पुढे जो उघडील त्याला शोधत बसायला नको." बिलं आम्ही कधी केली नाहीत, पावती मागणारं गिऱ्हाईक संशयाने बघायचं. तेव्हा रिमोटने गाडी उघडण्याच्या आमच्या या धंद्याचं दफ्तर कुठे असेलच तर ते त्या पॅडांच्या मागे आहे आणि त्यातली बहुतेक पॅडं भंगारात गेली. म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर लिहून ठेवावं.

हा धंदा ऑपेरा हाऊसलाच का उगवला, याला जागा कारण आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं ते रॉयल ऑपेरा हाऊस माझ्या वेळी सिनेमा थिएटर होतं. १९९३ मध्ये ते बंद पडलं आणि २०१६ पर्यंत बंदच राहिलं. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार. पाच-सात मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड, तिथे रिले, आयसी, ट्रान्झिस्टर, मागाल ते. आणि मध्ये हिऱ्यांचा बाजार, पंचरत्न इमारतीच्या आजूबाजूला रस्त्यावरच उभे राहून कागदाच्या पुड्या उघडणारे दलाल. एकीकडे गाडी, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक्स आणि मधोमध आपल्या गाडीचं दार उघडं तर राहिलं नाही ना, या काळजीत सदैव असलेली माणसं. यातून सेंट्रल लॉकचा, म्हणजे एका झटक्यात चारी दारं लावण्याचा, धंदा निघाला नसता तरच नवल.

त्याआधी लोक गाडी कशी बंद करायचे, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. प्रीमियर पद्मिनी घ्या. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आणि मी राहायचो तिथल्याच नेहरूनगरला, म्हणजे ती आमच्या गावचीच. चार दारं आणि चारी दारांचा मालक वेगळा. तीन दारं आतून लावायची, शेवटचं चावीने बाहेरून. घरचा कर्ता माणूस गाडीभोवती प्रदक्षिणा घालून एकेक हँडल ओढून बघायचा. तरीही मागचं डावं दार राहायचंच, कारण तिथून नेहमी मुलं उतरायची. चोराला हे माहीत होतं. त्याला गाडी नको असायची, त्याला टेप हवा असायचा. ऐंशीच्या दशकात लोक कारटेपचं अख्खं डबडं डॅशबोर्डमधून ओढून काढून हातात घेऊन लग्नाच्या हॉलमध्ये शिरायचे. जेवणाच्या पंगतीत पानाशेजारी टेप ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी ऐष म्हणून आलं नाही, त्या टेपपायी आलं.

मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी हरपाल सिंगांना मिळाली, इंदिरा गांधींनी स्वतः चावी हातात ठेवली. तो फोटो आमच्या दुकानात कॅलेंडरच्या बाजूला किती तरी वर्षं चिकटवलेला होता. चाचांचं त्यावरचं मत एवढंच, की चावी लहान आहे. खरं होतं. आणि झिजली की ती भलत्याच मारुतीलाही चालायची. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या पांढऱ्या मारुतीत बसून 'माझी उशी कुठे गेली' म्हणणारे महाभाग मला दोन तरी आठवतात. पण मारुतीने आमचं भलं केलं. गाड्या वाढल्या, त्या चालवणाऱ्या बायका वाढल्या, ड्रायव्हर न ठेवणारी घरं वाढली. आणि त्या मारुती ८०० मध्ये कंपनीने सेंट्रल लॉक दिलं नव्हतं. कंपनीने न दिलेल्या वस्तूवर आमच्यासारख्यांची चूल पेटते.

चाचांनी पहिलं सेंट्रल लॉक किटशिवाय केलं. लॅमिंग्टन रोडहून पाच पायांचे दोन रिले आणले. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७, ८७ए. हे आकडे जर्मनांच्या मानकातले, जगभर तेच. चाचांना त्यांचा उगम ठाऊक नव्हता, पण ते आकडे नातेवाइकांच्या नावांसारखे पाठ होते. युक्ती अशी. लॉकच्या मोटरला दोनच वायरी. एकीला प्लस, दुसरीला अर्थ दिला की दांडा बाहेर. उलट दिलं की आत. म्हणून दोन्ही वायरी एकेका रिलेच्या ३० ला जोडायच्या. ८७ए ला अर्थ, ८७ ला बॅटरीचा प्लस. काही होत नसताना दोन्ही वायरी अर्थवर झोपलेल्या. बटण दाबलं की एक रिले उठतो, एका वायरीला करंट मिळतो, दुसरी अर्थवरच, मोटर सरकते. दुसरं बटण, दुसरा रिले, उलट दिशा. करंट द्यायचा तो अर्धा-पाऊण सेकंद, बस्स. बटण दाबून धरणाऱ्याची मोटर जळणार. चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे, "गरम तवा असल्यासारखं बोट लावा."

मग तयार किट यायला लागली. सुरुवातीची मुसाफिरखान्याकडून, मनीष मार्केटकडून. तिथे माल कुठून आला हे विचारायचं नसतं. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला तशी राजरोस दुकानात, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, तैवानची, नंतर चीनची. खोक्यात एक काळी पेटी, चार मोटरी, भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या, लोखंडी काड्या, दोन-दोन स्क्रूंच्या क्लिपा आणि ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही असा एक कागद. चार मोटरींतल्या निदान एकीला, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरीला, दोनाऐवजी पाच वायरी.

या पाच वायरींवर माझा जीव आहे. निळी आणि हिरवी मोटर फिरवतात. पांढरी, तपकिरी आणि काळी काही फिरवत नाहीत, त्या बातमी देतात. तुम्ही चावी फिरवली की दारातली काडी सरकते, काडीबरोबर मोटरचा दांडा सरकतो आणि दांड्याच्या आतलं बटण काळी वायर पांढरीला तरी जोडतं नाहीतर तपकिरीला तरी. पेटीला कळतं, मालकाने दार लावलं. ती बाकीच्या तिघींना हुकूम सोडते. घरात थोरल्या भावाने ताट बाजूला सारलं की धाकटे उठतात, तसं. रिमोट नंतर आला. तो आल्यावरही ही पाच वायरींची मोटर काढायची नसते, कारण रिमोटचा सेल संपला तर शेवटी चावीच उपयोगी पडणार आणि चावीचं म्हणणं बाकीच्या दारांना ही एकच मोटर सांगू शकते. घाईतले वायरमन आठ-दहा रुपये वाचवायला चारी दारांत दोन वायरींच्याच मोटरी लावायचे. चालायच्या. पण त्यांच्या गिऱ्हाइकांच्या चावीने फक्त एकच दार उघडायचं.

बाहेरच्या जगात ही गोष्ट कितीतरी जुनी, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ नावाच्या गाडीला १९१४ मध्येच विजेची लॉक होती म्हणे. मग लोक ती विसरले आणि १९५६ मध्ये पॅकार्डने परत आणली. फोर्डने १९८० मध्ये दाराच्या बाहेर आकड्यांची बटणं दिली, चावीच नको. आणि १९८२ मध्ये रेनॉने फ्युएगो गाडीला इन्फ्रारेडचा रिमोट दिला, टीव्हीच्या रिमोटसारखा. तो ज्याने काढला त्याचं नाव पॉल लिपशुट्झ, त्यावरून त्या रिमोटला 'प्लिप' म्हणू लागले आणि फ्रान्समध्ये अजून म्हणतात. मला हे वाचून चाचांची आठवण झाली. एखाद्या वस्तूला त्यांचं नाव चिकटलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता.

आता दाराचं काम. लोकांना वाटतं वायरमनचं काम विजेचं. वीज दहा मिनिटांची. बाकीचे तीन तास दाराशी भांडण. पॅडच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या, उन्हाने कडक झालेल्या, एक तरी मोडणार. म्हणून आमच्या खिशात नेहमी मूठभर. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या डिंकाने चिकटवलेला असतो. पुष्कळ जण तो फाडून फेकतात. तो कागद म्हणजे दाराचा रेनकोट. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, कागदामुळे ते खालच्या भोकांतून रस्त्यावर जातं. कागद गेला की पाणी गाडीत. जुलैत गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, कसलीतरी कुबट घाण येते. मग मोटर. ती लॉकच्या काडीच्या अगदी ओळीत बसली पाहिजे. जरा तिरपी लागली तर कोरड्या दिवसात चालते, धूळ-गंज चढला की रडते. काडीला काडी क्लिपने जोडायची, स्क्रू घट्ट, पण काडी चेपू द्यायची नाही. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधली. दार दिवसातून वीसदा उघडतं आणि वायर तिथे वीसदा वाकते. ताणून नेली तर वर्षात आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक साबूत, शोधत बसा. वायर सैल ठेवायची, पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट घालायचा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळतं, वायरीवरून चालत आत येत नाही. चाचा दुसऱ्याचं काम बघायला आले की फक्त दार उघडून हा झोळ बघायचे. बाकी काही नाही.

अर्थचं तर मी किती सांगू. रंगावर स्क्रू मारला की अर्थ मिळाला असं वाटतं. रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून मग स्क्रू. नाहीतर दिवसा लॉक टणाटण आणि रात्री हेडलाइट लावल्यावर मलूल.

रिमोट आला तेव्हा आम्ही खरे गोंधळलो, कारण तोवर आमची सगळी विद्या बोटाला दिसणारी होती. नव्वदच्या दशकातल्या स्वस्त रिमोटांत तैवानच्या प्रिन्स्टन कंपनीची एक आयसी असायची, २२६२ नंबरची, आणि पेटीत तिची जोडीदार २२७२. कोड ठरवायचा डागकामाने. आयसीच्या आठ पायांपैकी प्रत्येकाला प्लसवर, मायनसवर किंवा मोकळं ठेवायचं. तीन हा आकडा आठ वेळा घेऊन गुणला की ६,५६१ कोड होतात. पुष्कळ वाटतात. पण खोक्यातून निघालेली किट बहुधा आठही पाय मोकळे अशीच यायची आणि डागायचा कंटाळा सगळ्या मुंबईला. गिरगावातल्या एका सोसायटीत तळमजल्याच्या भाडेकरूने रिमोट दाबला की तिसऱ्या मजल्यावाल्याची गाडीही डोळे मिचकावून उघडायची. दोन्ही किट मीच लावलेली. सोसायटीच्या सभेत मला बोलावलं. मी कावीळ झालेल्या माणसासारखा उभा होतो. त्या दिवसापासून दर किटला वेगळा कोड डागला आणि तो पॅडच्या मागे लिहिला: वर, खाली, मोकळा, मोकळा, खाली... वाचणाऱ्याला वाटेल कुणीतरी झोपेत बरळलंय.

पण कोड कितीही वेगळा केला तरी तो रोज तोच. शेजारी बसून एकदा तो हवेतून टिपला की दुसऱ्या दिवशी तोच ऐकवून गाडी उघडता यायची. त्यावरचा तोडगा दक्षिण आफ्रिकेतून आला. तिथल्या नॅनोटेक नावाच्या कंपनीत ऐंशीच्या दशकात कीलॉक नावाची पद्धत निघाली, १९९५ मध्ये ती अमेरिकेच्या मायक्रोचिपने विकत घेतली. रिमोट दर दाबण्याला नवा आकडा पाठवतो, पेटी मोजत असते, जुना आकडा आला तर ऐकत नाही. दोघांची मोजणी थोडी पुढेमागे झाली तरी चालतं, साधारण सोळा दाबण्यांपर्यंत. त्यापुढे गेली की पेटी रुसते आणि लागोपाठ दोनदा दाबल्यावरच मानते. हे मला कागदावरून कळलं नाही. गणपतीत एक कुटुंब रिमोट बरोबर घेऊन रेल्वेने देवगडला गेलं. गाडी दादरला. नातवाने दहा दिवस तो रिमोट आरतीच्या झांजेसारखा वाजवला. परत आल्यावर गाडी उघडेना. मी पॅड उघडायला बसलो होतो, तेवढ्यात वैतागलेल्या आजोबांनी बटण खाडकन दोनदा दाबलं आणि गाडी उघडली. आजोबांना वाटलं रागावल्याने झालं. मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून अशी तक्रार फोनवरच मिटवतो.

त्याच काळात अलार्म आले. नाशिकच्या ऑटोकॉपचा इतका बोलबाला होता की दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा लावून घेतलेला माणूसही 'ऑटोकॉप लावलाय' म्हणायचा. सहा सुरांचा भोंगा आणि धक्का ओळखणारा सेन्सर. दिवाळीच्या फटाक्यांना या गाड्या गायच्या. विसर्जनाला गिरगावातून ढोल निघाला की फुटपाथच्या दोन्ही बाजूंनी उभ्या सगळ्या गाड्या एकापाठोपाठ एक सहाही सूर लावायच्या आणि पोरं त्यावर नाचायची. चोराला भोंग्याची भीती राहिली ती पहिली दोन वर्षं. पुढे भोंगा वाजला की लोक खिडकीसुद्धा उघडेनात.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र मर्सिडीजने केली. पिंपरीत १९९५ पासून ती गाडी जोडायला लागले, डब्ल्यू १२४. हिरेबाजारातल्या एका शेठजींनी घेतली. सेंट्रल लॉक कंपनीचंच होतं, त्यांना फक्त रिमोट हवा होता. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. ड्रायव्हरच्या दारातून वायर काढली, पेटी जोडली, दाबलं. गाडीने सुस्कारा सोडला आणि काहीच झालं नाही. परत दाबलं, परत सुस्कारा. दोन तास गेले. चाचा चहा पिऊन आले, दाराला कान लावला आणि म्हणाले, "ही वीज नाही, ही हवा आहे." त्या गाडीच्या दारांत मोटरीच नव्हत्या. मागे एक पंप, तिथून दारादारात गेलेल्या बारीक नळ्या आणि नळीच्या टोकाला रबरी फुगा. हवा खेचली की बंद, भरली की उघड. आमचा अर्ध्या सेकंदाचा झटका पंपाच्या खिजगणतीत नव्हता, त्याला साडेतीन-चार सेकंद लागायचे. पेटीत तशी सेटिंग होती, कागदावर छापलेलीही होती. विश्वास कुणाचा होता त्या कागदावर!

त्याच शेठजींनी नंतर आणखी एक काम सांगितलं. मागच्या सीटखाली एक चोर-बटण. ते दाबलं की ड्रायव्हरच्या हातातलं लॉक मरणार, दारं फक्त मागून उघडणार. मला ते विचित्र वाटलं. तीस वर्षं जुना ड्रायव्हर, तो समोरच उभा, हात मागे बांधून. मी चाचांकडे बघितलं. चाचांनी बटण लावून दिलं, पैसे घेतले आणि ड्रायव्हरला चहा पाजला. पॅडच्या मागे त्यांनी या बटणाबद्दल काही लिहिलं नाही. सेंट्रल लॉक म्हणजे सोय, असं जाहिरातीत म्हणतात. गाडीत कोण कोणाला कोंडू शकतं, हेही त्यातच ठरतं. आमच्या मुंबईत जिथे मालक मागे बसतो तिथे तर फारच.

चाचा १९९९ मध्ये गावी गेले ते परत आले नाहीत. गुडघे गेले होते आणि वायरमनला गुडघ्यांशिवाय पर्याय नाही, डॅशबोर्डखाली डोकं घालायचं तर पाय गाडीबाहेर टेकवावे लागतात. दुकान मी चालवायला घेतलं.

मग २६ जुलै २००५ चा तो पाऊस. ऑपेरा हाऊसला आम्हाला काही कळलंच नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला, म्हणजे आमच्याकडे नेहमीचाच. सांताक्रूझला ९४४. दुपारी लोकल बंद झाल्या, रात्र दुकानात काढली, दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत कुर्ल्याला गेलो. मिठी नदीच्या पाण्याने एकावर एक चढवून ठेवलेल्या गाड्या बघितल्या. काहींच्या काचांना आतून चिखल लागला होता. त्या दिवशी शहरात गाड्यांत अडकून माणसं मेली. पेपरात आलं की लॉक जाम झाली, काचा खाली होईनात. दाराबाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबानेच दार उघडत नाही, लॉक उघडं असो की लागलेलं. हे मी लोकांना समजावून सांगायचो. रात्री मात्र मला ते समजावणं पुरत नव्हतं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, गिऱ्हाइकाला नव्हती. ती काळी पेटी आम्ही नेहमी ड्रायव्हरच्या पायाशी, बाजूच्या पत्र्याच्या आत लावायचो. का? तिथे हात पोचतो, गुडघे कमी दुखतात, दहा मिनिटं वाचतात. गाडीत पाणी शिरलं की पहिलं तिथे येणार. पेटी भिजली की रिले काय वाटेल ते करतात, आणि एखादा चिकटून बसला की मोटर काडीला लॉकच्या बाजूला दाबून धरते, हाताने ओढलं तरी ऐकत नाही.

ऑगस्टभर लोक येत होते, काढून टाका म्हणत. सिग्नलवर काच फोडायचे छोटे हातोडे विकायला लागले, आम्हीही ठेवले. ज्यांची काढली नाहीत त्यांच्या गाड्यांतल्या पेट्या मी फुकट वर चढवल्या, डॅशबोर्डच्या मागे, जितक्या उंच जातील तितक्या. आणि एक नेम केला. काम झालं की गिऱ्हाइकासमोर बॅटरीची वायर काढायची, चारी दारं लावायची आणि गिऱ्हाइकाला आत बसवून हाताने उघडायला लावायची. ज्या दाराला जोर लागला त्या दाराचं पॅड परत काढायचं. धंदा म्हणून हे तोट्याचं होतं. शेजारचे दुकानदार हसायचे. १ जुलै २०१९ पासून सरकारने नव्या गाड्यांना सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची केली, तेव्हा त्यांतल्या एकाने मला ती बातमी मोबाइलवर पाठवली. मजकूर काही लिहिला नाही, नुसती बातमी.

तोवर धंदा गेलाच होता. २०१० मध्ये हिरेबाजार वांद्र्याला भारत डायमंड बोर्सच्या इमारतीत जायला लागला, त्यांच्याबरोबर गाड्याही गेल्या. पण खरं कारण ते नव्हे. एकेक करत कंपन्याच मधल्या मॉडेलला सेंट्रल लॉक द्यायला लागल्या, मग रिमोटही. नव्या गाडीत दाराची वायर सरळ मोटरला जात नाही, ती एका संगणकाला जाते आणि दोन वायरींवरून सगळी गाडी आपापसात गप्पा मारते. त्यात मधेच आमची वायर पिळून जोडली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शोरूमवाला वॉरंटी रद्द म्हणून हात झटकतो. स्वस्त मॉडेलला लावायची किट आता शोरूममध्येच मिळते, कपलर लावला की झालं, वायर सोलावी लागत नाही. माझ्या पुतण्याला हे चांगलं वाटतं. मलाही वाटतं, गुडघ्यांच्या बाजूने.

गेल्या वर्षी एक मुलगा ८०० घेऊन आला. आजोबांची गाडी, आता तो ती जशी कारखान्यातून निघाली तशी करतोय. हल्ली तशी हौस असते. त्याला म्हणे दारातली ही सगळी नंतरची वायरिंग काढून हवी होती. मी काच खाली केली, पॅड काढलं. प्लॅस्टिकचा कागद जागच्या जागी. झोळ जागच्या जागी. पाच वायरींची मोटर, निळी, हिरवी, पांढरी, तपकिरी, काळी, टेपच्या वेढ्यांत एकही सुटलेला नाही. पॅड उलटं केलं. हार्डबोर्डवर पेन्सिलीने तलाठ्यासारखं अक्षर: १२ मार्च ९४, फ्यूज स्टिअरिंगच्या डावीकडे, निळी-हिरवी मोटर. आणि खाली, वेगळ्या ओळीवर, माझ्यासाठीच लिहिल्यासारखं: आधी काच.

मोटर चालू होती. मुलाने विचारलं, विकत घेणार का कुणी. मी म्हटलं, नाही. पिशवीत घालून त्याच्या डिकीत ठेवली. पॅड लावायच्या आधी कानावरची पेन्सिल काढली आणि चाचांच्या ओळीखाली तारीख घालून लिहिलं: काढलं, भोकं रबराने बुजवली आहेत.